एक काना जास्त

माझी बहीण विजेची प्राध्यापक आहे असं सांगितलं, की लोकांना लगेच आपला बिघडलेला पंखा आठवतो. तिला पंखा दुरुस्त करता येत नाही. घरात फ्यूज गेला तर मी खुर्चीवर चढतो आणि ती खाली टॉर्च धरून उभी राहते, तीही चुकीच्या जागी प्रकाश पाडत. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे लोकांनी लिहिलेलं छापून जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या, हाच माझा धंदा, आणि निवृत्त झालो तरी ती खोड गेलेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी चिडलेला दिसेन.

ताईचा विषय असा, की डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी एखाद्या गोष्टीवर सोडायच्या, त्या आपटून परत आल्या की त्यांच्यात काय फरक पडला ते बघायचं, आणि त्यावरून पलीकडे काय आहे ते ओळखायचं. भिंतीत ओल किती मुरली आहे इथून तिने सुरुवात केली. मग जमिनीखालचे फुटके पाइप झाले. मग ती माणसाच्या श्वासावर आली आणि तिथेच राहिली. श्वास घेताना आपली छाती तांदळाच्या दाण्याएवढी पुढे येते आणि मागे जाते. ती हालचाल विटांच्या भिंतीआडून पकडायची, म्हणजे इमारत कोसळली तर ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे ते कळेल, हा तिचा ध्यास. विद्यार्थी तिला पाठीमागे भिंतबाई म्हणतात. तिला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

विद्यापीठात तिची खोली व्हरांड्याच्या टोकाला, भांडार आणि मुतारी यांच्या मधोमध. खिडकीचं एक दार लागत नाही, तिथे तिने जुन्या प्रबंधाचा गठ्ठा टेकवून ठेवला आहे. शेजारी एक छोटी बंद खोली आहे, आतून निळ्या स्पंजच्या सुळक्यांनी मढवलेली. त्या खोलीत लहरी भिंतीवर आदळून परत येत नाहीत, आवाजही येत नाही आणि फोनही लागत नाही. मोजमापाचं काम नसेल तेव्हा ताई दुपारी तिथे खुर्ची टाकून डोळे मिटून बसते. विभागप्रमुख, जो एके काळी तिचाच विद्यार्थी होता, तो शिपायाला विचारतो, ‘मॅडम कुठे आहेत?’ शिपाई म्हणतो, ‘मोजमाप चालू आहे.’ सगळ्यांना ठाऊक आहे काय मोजमाप चालू आहे ते. तिला बढती मिळायची ती कधीच मिळाली नाही आणि आता निवृत्ती दाराशी येऊन उभी आहे, त्यामुळे कोणी तिला उठवत नाही.

गावोगावची व्याख्यानं तिने सुरू केली ती आईमुळे. आईने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं, ‘तू नेमकं काय करतेस गं?’ ताईने संध्याकाळभर सांगितलं. पाटीवर आकृत्या काढल्या, ताटलीत पाणी घेऊन लहरी दाखवल्या. शेवटी आई म्हणाली, ‘बरं. पण दमतेस फार.’ एवढंच आईला कळलं होतं आणि तेवढं बरोबर होतं. त्यानंतर ताईने हट्टच धरला, की आपलं काम कोणालाही सांगता आलं पाहिजे. शाळा, वाचनालयं, ज्येष्ठांची मंडळं, जिथून बोलावणं येईल तिथे ती जाते. तिला गाडी चालवता येत नाही. माझ्याकडे जुनी व्हॅन आहे. त्यामुळे तिच्या विज्ञानप्रसारात माझं स्थान हमालाचं.

सामान म्हणजे एक करड्या रंगाचा डबा, त्याच्या तोंडाशी दोन चपट्या पाट्या, डबा उभा करायला तीन पायांचं तिकाटणं, लॅपटॉप आणि प्लायवूडचा एक उंच तक्ता. डब्याला ती डबाच म्हणते. त्याचं खरं नाव इतकं लांब आहे, की ते सांगेपर्यंत मुलं बाकाखाली शिरतात. तक्त्यामागे एक मूल लपतं, डबा तक्त्याकडे तोंड करून ठेवायचा, आणि पडद्यावर एक रेघ लाटेसारखी वरखाली व्हायला लागते. तो त्या मुलाचा श्वास. मग मूल हसतं आणि रेघेची गिचमिड होते. मग सगळा वर्ग हसतो. ताई दर वेळी तोच विनोद करते, ‘या लहरी आहेत, पण लहरी नाहीत, वेळेवर येतात.’ तो विनोद मी इतक्यांदा ऐकला आहे, की झोपेतही त्यातली विरामचिन्हं घालू शकेन.

शेवटी प्रश्न. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मोबाइलने डोकं दुखतं का?’ ताई दर वेळी तितक्याच धीराने उत्तर देते, जणू हा प्रश्न जगात पहिल्यांदाच निघाला. घरी येताना मात्र व्हॅनमध्ये ती एक अक्षर बोलत नाही. चपला काढून पाय वर घेते आणि बाहेर बघत राहते. मी काही विचारलं तर ‘उद्या’ म्हणते. गेली कित्येक वर्षं आमचं बरंचसं बोलणं या ‘उद्या’वर ढकललेलं आहे.

आता त्या फलकाची गोष्ट. आमचा जुना कापडी फलक विरला, म्हणून ताईने नवा करायला दिला. तिने लिहून दिलं होतं, ‘विद्युतचुंबकीय संवेदन : भिंतीपलीकडचं ओळखताना’. फलक आला तो ‘विद्युतचुंबकीय संवेदना’ असा. लाल अक्षरात, लांबून दिसेल एवढा. मी फलकवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘साहेब, संवेदन असा शब्दच नाही. बाईंकडून काना राहून गेला होता, मी घातला. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.’

मी त्याला समजावलं, की संवेदन हा शास्त्राचा शब्द आहे, यंत्राने एखादी गोष्ट टिपणं म्हणजे संवेदन. संवेदना ही माणसाची. हात बधिर झाला की डॉक्टर म्हणतात संवेदना नाही, आणि कोणी गेलं की आपण संवेदना व्यक्त करतो. तो शांतपणे म्हणाला, ‘मग चांगलाच शब्द आहे की.’ मी कपाळाला हात लावला. घरी येऊन ताईवर चिडलो, फलक परत कर म्हणालो. ती आडवी पडली होती. म्हणाली, ‘छोट्या, राहू दे. मी दमलेय. एका कान्याने काय आकाश कोसळणार आहे?’ मी आता साठीच्या घरात आहे, पण तिच्यासाठी छोट्याच.

त्या कान्याने मजा पुष्कळ झाली, हे कबूल केलं पाहिजे. एका ज्येष्ठांच्या मंडळात अध्यक्षांनी फलक वाचून जाहीर केलं, ‘आता मॅडम आपल्यापुढे संवेदना व्यक्त करतील,’ आणि मागच्या रांगेतले दोन आजोबा मान खाली घालून उभेच राहिले. ताईला हसू आवरेना. शिवाय गर्दी वाढली. संवेदन म्हटल्यावर जे लोक फिरकले नसते ते संवेदना म्हटल्यावर येऊ लागले. बायका येऊ लागल्या. ताई म्हणाली, बघ, तुझ्या शुद्धलेखनापेक्षा फलकवाला हुशार. पण फलक गुंडाळताना दर वेळी तो काना मला खुपायचा.

अशाच एका वाचनालयातलं व्याख्यान संपलं. मोबाइलचा प्रश्न झाला, एका गृहस्थांनी आपल्या भिंतीतले उंदीर मोजता येतील का ते विचारून झालं, माणसं पांगली. मी फलक उतरवत होतो. एक बाई खुर्च्यांच्या मधून पुढे आल्या. पन्नाशीच्या असतील. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती, काम सोडून आल्या असणार. ताईला म्हणाल्या, ‘मॅडम, आमच्या ह्यांना बघायला याल का?’

ताईला वाटलं, भिंतीतली ओल वगैरे असेल. तसं नव्हतं. त्यांचा नवरा पाणीपुरवठ्यात फिटर होता. कामावर शिडीवरून पडला, डोक्याला मार लागला, आणि तेव्हापासून तो अंथरुणावर आहे. डोळे उघडतो, मिटतो. बाकी काही नाही. बाई घरीच शिवणकाम करून त्याचं सगळं करतात. डॉक्टर म्हणाले आहेत, त्यांना संवेदना नाही. ‘पण मी खोलीत आले की त्यांना कळतं,’ बाई म्हणाल्या. ‘मला माहितेय. फक्त मला दाखवता येत नाही. पेपरातल्या बातमीत फोटो होता, त्यात तुमच्या पाटीवर तोच शब्द वाचला. आठवडाभर वाट बघतेय आजच्या दिवसाची.’

पाटी माझ्या हातात होती, अर्धी गुंडाळलेली. नेमका तो काना वर आला होता. मला कुठे बघावं कळेना.

ताईने त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. शब्द चुकून पडलाय, यंत्र नुसती छातीची हालचाल बघतं, मनात काय चाललंय ते त्याला कळत नाही. बाईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘शब्द चुकला असेल. मशीन तर चुकलेलं नाही ना?’

त्यांच्या घाईचं कारणही त्यांनी सांगितलं. धाकट्या दिराने एका सेवागृहात जागा बघून ठेवली होती. तो म्हणत होता, दादाला तिथे ठेवू, वहिनी, तुमच्याने आता होत नाही. रोजची वादावादी चालली होती. शेवटी बाईंनी त्याला व्याख्यानाची बातमी दाखवली आणि दोघांनी ठरवलं, की मशीन लावून बघायचं. दादाला कळतं असं निघालं, तर दीर पुन्हा विषय काढणार नाही. नाही निघालं, तर पुढच्या महिन्यात हलवायचं. ‘म्हणजे तुम्ही आलात तर ते घरी राहतील,’ बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात दुसरी शक्यताच नव्हती.

ताई म्हणाली, विचार करून सांगते.

ती का कचरत होती ते मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एक जुनं गोदाम कोसळलं, तेव्हा तिला डबा घेऊन बोलावलं होतं. आयुष्यभर ज्याच्यासाठी काम केलं तो क्षण आला होता. तिने या बाजूने डबा लावला, त्या बाजूने लावला, ढिगाऱ्यावर चढून लावला. रेघ सपाट. दोरीपलीकडे आत अडकलेल्यांची माणसं उभी होती. अधिकाऱ्याने विचारलं, ‘काय म्हणतंय?’ ती म्हणाली, ‘कोणी नाही.’ दोरीपलीकडून एक माणूस ओरडला, ‘नीट बघा ना हो!’ तिने पुन्हा नीट बघितलं. ढिगारा उपसल्यावर कळलं, की डबा बरोबर होता. विद्यापीठात लोकांनी तिचं अभिनंदन केलं, यंत्राने अचूक निदान केलं म्हणून. त्या दिवशी ती घरी आली आणि चपला न काढता तशीच स्वयंपाकघरात बसून राहिली. तेव्हापासून तिने हसणाऱ्या पोरांखेरीज कोणावर डबा रोखलेला नव्हता.

म्हणून व्हॅनमध्ये ती म्हणाली, ‘शुक्रवारी दुपारी जायचंय त्या बाईंकडे,’ तेव्हा मी भडकलोच. ‘कशाला? परत कोणालातरी नाही म्हणायला? तुझं काय अडलंय?’

‘पाटी माझी होती,’ ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बाहेर बघत बसली.

शुक्रवारी गेलो. दुसरा मजला, अरुंद जिना. तिकाटणं वळवता वळवता माझ्या नाकी नऊ आले. दार दिराने उघडलं. तो मालवाहू गाडी चालवायचा, आडदांड माणूस, मला वाटलं होतं तसा खडूस मात्र नव्हता. जिन्यातच हळू आवाजात मला म्हणाला, ‘मला भाऊ एकच आहे हो. पण वहिनीपण एकच आहेत. वाळत चालल्यात बघा.’ मी मान हलवली.

खोलीत औषधांचा आणि साबणाचा वास होता. पलंग मधोमध, आणि त्याला अगदी लागून शिवणयंत्र, म्हणजे बाईंना काम करतानाही त्याच्याकडे बघता यावं. पायाशी कापडाच्या चिंध्या, पांढरा दोरा. नवरा उताणा निजलेला होता. दाढी केलेली, भांग पाडलेला, अंगात निळा शर्ट. ताईने मला खुणेने दाखवलं म्हणून मी नीट पाहिलं. शर्ट पुढून शर्टासारखाच होता, कॉलर, खिसा, गुंड्या, सगळं जागच्या जागी. पाठ मात्र उभी उघडी, बाजूला नाड्या. त्याला न उचलता घालता यावा म्हणून बाईंनी तसा बेतला होता. दोरीवर तसेच आणखी शर्ट वाळत होते. समोरून पाहणाऱ्याला तो नुसता आडवा झालेला माणूस वाटावा, एवढी त्यांनी काळजी घेतली होती. मला त्या नाड्यांकडे बघवेना.

ताईने डबा पलंगाच्या बाजूला लावला, लॅपटॉप सगळ्यांना दिसेल असा वळवला आणि पुन्हा एकदा बजावलं. ‘त्यांना काय कळतं ते हे सांगणार नाही. तुम्ही जवळ गेलात की त्यांच्या श्वासात फरक पडतो का, एवढंच दिसेल.’

‘पडतो,’ बाई म्हणाल्या.

आधी आम्ही सगळे दाराबाहेर थांबलो. पडद्यावर रेघ उमटली. संथ, रुंद, सारख्या लाटा. चांगला श्वास होता त्याचा. ताईने बराच वेळ ती तशीच चालू दिली. मग तिने बाईंना आत बोलावलं.

बाई आत गेल्या, ‘आले हं मी,’ म्हणाल्या, त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि पलंगाला लागून स्टुलावर बसल्या. पडद्यावर गिचमिड झाली आणि निवली. मग नवीन रेघ आली. भराभर, लहान लहान लाटा, एकीला लागून एक. मघाची संथ रेघ कुठल्या कुठे गेली. डब्यातलं ज्याला काही कळत नाही त्यालाही फरक कळावा, इतका तो स्वच्छ होता.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि नवऱ्याचा हात हातात घेतला. दीर दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘तुमचंच खरं. मी परत नाव काढणार नाही.’ माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, चला, कधी नव्हे ते या डब्याने कोणाचंतरी भलं केलं. आता तिकाटणं मिटायचं, चहा नको म्हणायचं आणि घरी जायचं.

ताई अजून पडद्याकडेच बघत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. छापखान्यात मजकूर सरळ वाचत गेलो आणि तरी कुठेतरी काहीतरी चुकलंय असं वाटलं, की माझं तोंड तसं व्हायचं. तिने क्षणभर डोळे मिटले. तिला घरी जायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मी हळूच म्हणालो, ‘ताई, झालं ना? निघू या.’

‘बाई,’ ती म्हणाली, ‘त्यांचा हात सोडा आणि दोन्ही हात मांडीवर ठेवा. हलू नका. आणि मी सांगितलं की श्वास धरून ठेवा.’

‘मी?’

‘हो, तुम्ही. धरा.’

बाईंनी श्वास धरला. लहान लाटा गेल्या. त्यांच्या जागी मघाचीच रेघ आली, संथ, रुंद, सारखी. ‘सोडा,’ ताई म्हणाली. लहान लाटा परत आल्या. ‘पुन्हा धरा.’ पुन्हा गेल्या.

मला कळलं. मला ताईचा असा राग आला, की तिच्या हातातून तो लॅपटॉप घेऊन मिटावा असं वाटलं. काय गरज होती? कोणाचं काय बिघडत होतं? शास्त्र म्हणे. दिरालाही अंदाज आला असावा, कारण तो पडद्याकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघू लागला.

बाईंना कोणी काही सांगितलं नाही. डोळ्यांनी माणसाचं माप घेणारी बाई, तिला काय सांगायचं? त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःहून एकदा श्वास धरला, रेघ बघितली, सोडला.

‘ही मी होय?’

‘तुम्ही,’ ताई म्हणाली. ‘तुम्ही डब्याच्या जवळ बसलात, म्हणून तुमचाच श्वास पुढे आला. संथ आहे ती त्यांची रेघ. तुम्ही आत आलात तरी ती बदलली नाही.’

‘अजिबात नाही?’

‘अजिबात नाही.’

ताई शिवणयंत्राच्या खुर्चीवर बसली. न विचारता बसली.

खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत राहिली. मग ताईने लॅपटॉपवर काहीतरी केलं. दोन माणसांचे श्वास वेगळे करणं यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. पडद्यावर दोन रेघा झाल्या. वरची नवऱ्याची, खालची बाईंची. वरची एखाद्या झोपलेल्या माणसासारखी. खालची बारीक, घाईची, मध्येच अडखळणारी.

‘माझी अशी तुटकी का?’ बाईंनी विचारलं.

‘दमलात म्हणून,’ ताई म्हणाली.

बाई हसल्या. ‘हे सांगायला मशीन लागलं होय.’ आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. तोंडावर पदर नाही, आवाज नाही, मापाची टेप मुठीत आवळून रडल्या. दीर पुढे आला, त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला, आणि त्याला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. ताई त्यांच्याकडे बघत होती. मी आयुष्यभर तिच्या चेहऱ्यावर जो थकवा पाहिला तो आणि समोरच्या बाईंचा, यात मला काही फरक दिसला नाही. माझा राग तिथे कुठेतरी संपला.

‘वहिनी,’ दीर म्हणाला, ‘जाऊ दे. आपलं ठरलेलं मी मागे घेतो. मशीनला काय कळतंय? राहू दे दादाला इथेच.’

बाईंनी डोळे पुसले. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, जी सरळच होती. त्या इतका वेळ गप्प राहिल्या, की पडद्यावरची खालची रेघ जरा निवांत झालेली मी पाहिली.

‘नाही भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘न्या त्यांना. मी रोज येईन तिकडे. पण माझ्याच्याने नाही होत आता.’

दिराने मान हलवली.

‘फक्त त्यांना मी सांगणार. कोणी मध्ये बोलायचं नाही. आत्ताच सांगते, नाहीतर उद्या धीर व्हायचा नाही.’ त्यांनी स्टूल पलंगाच्या उशाशी ओढलं आणि नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. मग थांबल्या. वळून डब्याकडे पाहिलं. दोन्ही रेघा चालूच होत्या.

‘मॅडम, हे आधी बंद करा.’

‘करते,’ ताई म्हणाली.

‘मी सांगताना मला ते दिसायला नको.’

ताई उठली. तिने लॅपटॉप मिटला. बटण दाबून डबा बंद केला. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. ती भिंतीशी वाकली, वायर उपटून काढली, आणि बाईंना दिसेल अशी हातात धरली. बाईंनी मान हलवली. मग ताईने दिराला आणि मला खोलीबाहेर काढलं आणि स्वतः शेवटी बाहेर येऊन दार ओढून घेतलं.